महाराष्ट्रातला उन्हाळा सर्वात जास्त कधी तापतो आणि का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल लागला की हे प्रश्न घरोघरी निघतात, आणि "सूर्य जवळ येतो म्हणून"पासून "नवतपा लागला म्हणून"पर्यंत उत्तरंही तयार असतात. त्यातली काही चुकीची आहेत, काही अर्धी बरोबर. इथली उत्तरं शक्यतो आपल्याच गावाशहरांच्या उदाहरणांनी दिली आहेत, कारण पाठ्यपुस्तकातला उन्हाळा आणि आपला उन्हाळा यांत एक मोठा फरक आहे आणि तो सहसा कोणी सांगत नाही.

सर्वात मोठा दिवस २१ जूनचा. मग सर्वात जास्त गरमी मे महिन्यातच का?

कारण आपल्याकडे उन्हाळा संपवण्याचं काम पाऊस करतो, सूर्य करत नाही. नैर्ऋत्य मोसमी वारे सर्वसाधारणपणे १ जूनला केरळात पोचतात, आठवडाभरात गोवा आणि तळकोकणात येतात, ११ जूनच्या आसपास मुंबईत आणि महिन्याच्या मध्याला विदर्भात. ढग आले की ऊन अडतं, जमीन भिजली की तिचं तापणं थांबतं. २१ जूनला सूर्य ऐन भरात असतो, पण महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी तो ढगांमागे असतो.

पाऊस आलाच नसता तर आपला सर्वात उष्ण काळ जुलैत गेला असता. जमीन, हवा आणि समुद्र तापायला वेळ लागतो. टाकीत नळाची धार सुरू आहे आणि खालून थोडी गळतीही आहे, असं समजा. धार कमी व्हायला लागली तरी ती गळतीपेक्षा जास्त आहे तोवर पाण्याची पातळी चढतच राहते. तसंच २१ जूननंतर सूर्याची उष्णता हळूहळू कमी होऊ लागते, तरी पृथ्वीवरून निसटणाऱ्या उष्णतेपेक्षा ती काही आठवडे जास्तच असते, म्हणून तापमान चढत राहतं. इंग्लंडमध्ये याच कारणाने जुलैचा उत्तरार्ध सर्वात उष्ण असतो. तिथे १९ जुलै २०२२ रोजी कोनिंग्जबी इथे ४०.३ अंश सेल्सिअस नोंदले गेले, तो त्या देशाचा उच्चांक आहे.

म्हणजे सूर्याच्या हिशेबाने आपला उन्हाळा जुलैत शिगेला पोचायला हवा. पाऊस त्याला मे महिन्यातच थोपवतो.

उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते का?

नाही, उलट लांब जाते. दरवर्षी ३ ते ५ जानेवारीच्या सुमारास, म्हणजे आपल्या थंडीत, पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ असते (सुमारे १४.७ कोटी किलोमीटर) आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वात दूर (सुमारे १५.२ कोटी किलोमीटर). ऋतू होतात ते पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंश कललेला असल्यामुळे.

सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तोच दिवस सर्वात गरम असायला नको का?

या एका प्रश्नाच्या उत्तरात सगळा विषय येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे आपल्या डोक्यावर सूर्य वर्षातून दोनदा येतो. एकदा उत्तरेकडे जाताना, एकदा परतताना. त्या दिवशी मध्यान्ही उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते, म्हणून त्याला शून्य सावली दिवस म्हणतात. सावंतवाडीकडे तो मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, पुण्यात १३–१४ मेच्या सुमारास, मुंबईत १५–१६ मेच्या सुमारास आणि नागपुरात २६ मेच्या आसपास. परतीचा शून्य सावली दिवस नागपुरात १७ जुलैच्या सुमारास आणि मुंबई-पुण्यात जुलैच्या शेवटच्या आठवड्यात येतो.

आता नागपूरचे हे दोन दिवस शेजारी ठेवून बघा. २६ मे आणि १७ जुलै. दोन्ही दिवशी सूर्य तितकाच उंच, दिवसाची लांबीही जवळजवळ सारखी. पण मेमध्ये नागपूरचं सरासरी कमाल तापमान ४२ ते ४३ अंशांच्या घरात असतं आणि जुलैत ते ३१–३२वर उतरलेलं असतं. सूर्य तोच, जागा तीच, फरक दहा-अकरा अंशांचा. हा सगळा फरक ढगांचा आणि ओल्या जमिनीचा आहे.

मुंबईचाही हिशेब असाच आहे. ३० एप्रिलपासून १२ ऑगस्टपर्यंत मध्यान्हीचा सूर्य मुंबईच्या डोक्यावरून चार-साडेचार अंशांपेक्षा जास्त ढळतच नाही. २१ जूनला दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो आणि सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो, इतकंच. म्हणजे वरून येणारं ऊन साडेतीन महिने जवळपास एकाच मापाचं असतं. त्या साडेतीन महिन्यांतला सर्वात तापलेला आठवडा कोणता, हे सूर्याच्या उंचीवरून कळणार नाही. आकाश किती मोकळं आहे आणि वारा कुठून येतो आहे, यावरून कळेल.

पाऊसच शिखर ठरवतो, याला पुरावा काय?

नकाशा घ्या आणि दक्षिणेकडून वर सरकत जा. केरळात पुनलूर, पालक्काड या भागांत सर्वात जास्त तापमान मार्चच्या आसपास असतं. बंगळूरमध्ये एप्रिलमध्ये. कोल्हापूर, सातारा, पुणे या पट्ट्यातही एप्रिल मेपेक्षा थोडा जास्तच तापतो. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याला मे. दिल्लीत मेची अखेर आणि जूनचा पूर्वार्ध. सिंध प्रांतातल्या जेकबाबादला जून.

आता त्याही पलीकडे, जिथे आपला पाऊस पोचतच नाही, तिथे बघा. दुबई साधारण २५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, दिल्लीपेक्षाही थोडी दक्षिणेला. तिथे सर्वात उष्ण काळ जुलै-ऑगस्ट. दुबईत राहणाऱ्या मराठी माणसाला गावाकडे मुसळधार पाऊस सुरू झाल्याचे फोटो येतात, तेव्हा त्याच्याकडचा उन्हाळा अजून चढतच असतो. सूर्य दोघांना जवळपास सारखाच मिळतो, पण दुबईला पाऊस नाही.

उन्हाळ्याचं शिखर पावसाच्या एक पाऊल पुढे राहून दक्षिणेकडून वायव्येकडे सरकत जातं, हे या यादीत स्वच्छ दिसतं. मला हवामानाच्या सगळ्या विषयांत ही गोष्ट सर्वात सुंदर वाटते, आणि शाळेत ती अशी सलग शिकवली जावी असं मनापासून वाटतं.

मग पुण्यात मे महिन्यात पाऊस नसतानाही एप्रिल जास्त का तापतो?

वळवामुळे. मे महिन्यात समुद्राकडून येणारी दमट हवा सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत पोचायला लागते. दुपारी तापलेली जमीन तिला वर ढकलते, चार-पाच वाजता आभाळ भरून येतं, वारा सुटतो, गारा पडतात आणि तासाभरात सगळं निवतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे या भागाला वळवाच्या सरी जास्त मिळतात. एक सर पुढच्या दिवसाचं कमाल तापमानही खाली ओढते, कारण दुसऱ्या दिवशीचं ऊन आधी ती ओल वाळवण्यात खर्च होतं.

हा खर्च मोठा असतो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात जवळजवळ पावणेसहाशे लिटर पाणी एका अंशाने तापवता येईल. म्हणून ओल्या शिवारात आणि कोरड्या माळावर, एकाच उन्हात, एवढा फरक पडतो.

मुंबईत आणि कोकणात ४० अंशांचे दिवस मार्चमध्येच का येतात?

कारण किनाऱ्यावर सूर्यापेक्षा वाऱ्याचं जास्त चालतं. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, आणि जमीन तापली की समुद्राकडून खारे वारे येऊन तापमानाला लगाम घालतात. मे महिन्यात खारे वारे लवकर सुरू होतात आणि जोराचे असतात, म्हणून पारा ३३–३४च्या वर फारसा जात नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत मात्र काही दिवस पूर्वेचा वारा जोर धरतो. तो दख्खनच्या तापलेल्या पठारावरून येतो आणि सह्याद्री उतरून कोकणात पडतो. कोरडी हवा दर १०० मीटर खाली आली की जवळपास एका अंशाने तापते. पाच-सहाशे मीटर उतरली की पाच-सहा अंशांची भर पडली. त्या दिवशी खारे वारे दुपारी बाराऐवजी दोन-अडीचला आले, तर मधल्या वेळात पारा चढतच जातो. सांताक्रूझचा उच्चांक १४ एप्रिल १९५२चा आहे, ४२.२ अंश. मेमधला नाही.

कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन वेधशाळांच्या आकड्यांत अशा दिवशी बराच फरक पडतो, त्याचंही कारण हेच. कुलाब्याला समुद्र लगेच पोचतो.

तरी मुंबईत मे महिना मार्चपेक्षा जास्त असह्य का वाटतो?

घाम वाळत नाही म्हणून. मे महिन्यात अरबी समुद्र ३० अंशांच्या आसपास तापलेला असतो आणि हवेत भरपूर बाष्प असतं. शरीर थंड होतं ते घाम वाळल्यामुळे, नुसता घाम आल्यामुळे नाही. ३४ अंशांची दमट दुपार शरीराला ३८ अंशांच्या कोरड्या दुपारइतकीच जड जाऊ शकते. शिवाय रात्रीही पारा उतरत नाही, कारण बाष्प आणि ढग जमिनीची उष्णता आकाशात निसटू देत नाहीत. विदर्भातही मेची अखेर आणि जूनची सुरुवात रात्रींच्या दृष्टीने सर्वात वाईट असते. दुपारचा आकडा दोन अंशांनी उतरलेला असतो, पण झोप लागत नाही.

विदर्भच एवढा का तापतो?

समुद्र लांब, उंची कमी, आकाश निरभ्र. नागपूर सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे, पुणे साडेपाचशेच्या वर, महाबळेश्वर तेराशेच्याही वर, आणि दर हजार मीटर उंचीमागे हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. त्यात मे महिन्यात राजस्थान-मध्य प्रदेशाकडून कोरडे वायव्य वारे येतात, वळवाचा आधार पश्चिम महाराष्ट्राइतका मिळत नाही, आणि काळी माती तोवर भेगाळून ठणठणीत कोरडी झालेली असते. वाळवायला ओलच उरलेली नसल्यामुळे येणारी सगळी उष्णता तापमान वाढवण्याकडे जाते. नागपूरचा उच्चांक २३ मे २०१३चा आहे, ४७.९ अंश.

तिथल्या लोकांनी याच्याशी जमवून घेतलं आहे. वाळ्याचे कूलर, डोक्या-कानाला गुंडाळलेला दुपट्टा, कैरीचं पन्हं, दुपारी ओस पडणारे रस्ते. शाळाही उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात, आणि हा निर्णय अगदी योग्य आहे.

नवतपा खरा असतो का? रोहिणी नक्षत्राचा गरमीशी संबंध आहे?

सूर्य रोहिणी नक्षत्रात २५ मेच्या सुमारास जातो. पुढचे नऊ दिवस म्हणजे नवतपा. विदर्भापुरतं बोलायचं तर हा अंदाज चांगला आहे. याच दिवसांत सूर्य नागपूरच्या बरोबर डोक्यावर असतो, पाऊस अजून दोन-तीन आठवडे लांब असतो आणि जमीन सर्वात कोरडी असते. पिढ्यान् पिढ्या शेतात राबणाऱ्यांनी हे निरीक्षण केलं आणि त्याला आकाशातली खूण जोडली.

पण गरमी रोहिणीतल्या ताऱ्यांमुळे येत नाही. त्या खुणेची तारीखही कायमची नाही. पृथ्वीचा आस स्वतः फार सावकाश फिरतो, त्यामुळे सूर्याचा नक्षत्रप्रवेश दर ७०–७२ वर्षांनी एका दिवसाने पुढे सरकतो. दीड हजार वर्षांपूर्वी सूर्य रोहिणीत जायचा तो ऋतूंच्या हिशेबाने सुमारे तीन आठवडे आधी, मेच्या सुरुवातीला. आणखी दीड हजार वर्षांनी तो जूनच्या मध्यावर जाईल, म्हणजे ऐन पावसाच्या तोंडावर. मकरसंक्रांत आज १४ जानेवारीला आणि प्रत्यक्ष उत्तरायण २२ डिसेंबरच्या सुमारास, ही तफावतही त्यातूनच आलेली आहे.

कोकणात आणि कोल्हापूर-पुण्याकडे नवतपा हे सर्वात उष्ण दिवस नव्हेत. तिथे तोवर वळीव येऊन गेलेला असतो.

पंचांगात ग्रीष्म ऋतू ज्येष्ठ-आषाढात आहे. आपण तर वैशाख वणवा म्हणतो!

दोन्ही बरोबर, प्रदेश वेगळे. ज्येष्ठ-आषाढाचा ग्रीष्म उत्तरेकडच्या मैदानांना शोभतो, जिथे पाऊस जूनच्या अखेरीस पोचतो. आपल्याकडे आषाढात वारकरी भिजत पंढरपूरला जातात. महाराष्ट्राचा खरा कडाका चैत्राच्या उत्तरार्धापासून वैशाखभर असतो. अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेली घागर दान द्यायची रीत आहे, ती वैशाखातल्या तहानेला धरूनच आहे.

दिवसाचं सर्वात जास्त तापमान बाराला न येता तीनच्या सुमारास का?

वर सांगितलेलं टाकीचं गणित इथेही लागू होतं, फक्त महिन्यांऐवजी तासांत. घड्याळाचा भागही आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची आहे, त्यामुळे मे महिन्यात मुंबईत खरी मध्यान्ह १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास होते आणि नागपुरात १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास.

ऑक्टोबर हीट हा दुसरा उन्हाळा आहे का?

छोटा, पण खरा. पाऊस परततो, ढग सरतात, आणि सूर्य तेव्हाही दुपारी बऱ्यापैकी उंच असतो. जमीन ओली असल्यामुळे हवा दमट राहते. मुंबईत ऑक्टोबर-नोव्हेंबरमधलं सरासरी कमाल तापमान मे महिन्याच्या जवळपास जातं. फरक रात्रींचा. त्या निवू लागलेल्या असतात. पावसाने उन्हाळ्याचे दोन तुकडे केले आहेत आणि हा मागचा तुकडा आहे, असं म्हटलं तरी चालेल.

दरवर्षी हे त्याच तारखांना होतं का?

नाही. शिखर पावसाशी बांधलेलं असल्यामुळे पावसाबरोबर तेही हलतं. मे २०२१मध्ये तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं आणि भर मे महिन्यात शहराला धुवाधार पाऊस मिळाला. २०२५मध्ये मान्सून २६ मेलाच मुंबईत दाखल झाला, तिथल्या नोंदींमधलं हे सर्वात लवकर आगमन. त्या वर्षी महाराष्ट्रात मे महिना पावसातच गेला. उलट बाजूने, मार्च २०२२ हा १९०१पासूनच्या नोंदींत देशातला सर्वात उष्ण मार्च ठरला. पृथ्वी तापते आहे तशी उन्हाळ्याची सुरुवातही आधीच कडक होऊ लागली आहे, म्हणून "अजून मे कुठे आलाय" असं म्हणून निर्धास्त राहू नये.

हे सगळं स्वतः पडताळून बघता येईल का?

नक्की. शाळकरी मुलांबरोबर तर जरूर करा. सपाट गच्चीवर एक सरळ नळी किंवा बाटली उभी करा आणि आपल्या गावाच्या शून्य सावली दिवशी मध्यान्हीच्या आधी पाच मिनिटांपासून पाहत राहा. जुलैच्या तारखेलाही हाच प्रयोग करा. ढग जरा फाटले तर सावली तशीच नाहीशी झालेली दिसेल. दोन्ही दिवसांचं कमाल तापमान हवामान विभागाच्या नोंदीतून उतरवून घ्या. उन्हात ठेवलेल्या मोबाइलचा किंवा गाडीतला आकडा घेऊ नका. वेधशाळेतला तापमापक सावलीत, जाळीदार लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर असतो, आणि तुलना त्याच आकड्याशी व्हायला हवी.

मग सर्वात जास्त जपायचं कधी? मे महिन्यात?

मेमध्ये तर जपाच, पण पहिल्या लाटेत जास्त. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. मार्च-एप्रिलमधल्या पहिल्या लाटेत ती झालेली नसते. हवामान विभागाचे निकषही ठिकाणानुसार वेगळे आहेत. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त असेल, तर उष्णतेची लाट मानतात. किनारपट्टीला ४०ऐवजी ३७ अंश पुरतात, सरासरीची अट तीच. मैदानी भागात ४५ अंश झाले की सरासरी न बघताच लाट धरली जाते.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला भर उन्हात झालेल्या जाहीर सोहळ्यानंतर उष्माघाताने दहाहून अधिक माणसं गेली. तेव्हा पारा चाळिशीही ओलांडून गेला नव्हता. म्हणून किनारपट्टीवर ३८चा आकडा ऐकून "नागपूरला तर ४५ असतं" ही तुलना करू नका. दुपारी बारा ते चार मोकळ्या मैदानात गर्दी जमवू नये, लग्नाच्या वरातीसुद्धा. ऊन लागलेल्या माणसाचं अंग तापून बोलणं असंबद्ध होऊ लागलं, तर त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि १०८ला फोन करा. शुद्धीवर नसेल तर तोंडातून पाणी पाजू नका.